वकिलीच्या व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्ता : उपयोग, धोके आणि आपली जबाबदारी

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या परिसरातील लांडोर बंगला खानदेशात सर्वांना परिचित आहे. १९३७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले असता त्यांचा मुक्काम तेथे झाला होता. त्या स्मृतीला अभिवादन करण्यासाठी दरवर्षी ३१ जुलैला मोठा जनसमुदाय तेथे लोटतो. त्या दिवशी बाबासाहेब या भूमीत आले ते वकील म्हणून, अशिलाची बाजू मांडण्यासाठी, ही गोष्ट मात्र अभिवादनाच्या ओघात थोडी मागे पडते. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. ज्यांच्याजवळ ना जमीन होती ना सत्ता, त्यांच्या हाती कायदा हे एक साधन असू शकते, हा विश्वास त्या पिढीला अशा वकिलांनी दिला.

आज याच व्यवसायात एक नवे साधन वेगाने शिरत आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. भ्रमणध्वनीवर प्रश्न टाइप केला की काही क्षणांत नोटिशीचा मसुदा, कलमांची यादी, निवाड्यांचे दाखले समोर येतात. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी विधी शाखेत शिकत आहेत, काही वकिली करीत आहेत, आणि पालकांपैकी अनेकांना शेताच्या बांधापासून खावटीपर्यंत कोणत्या ना कोणत्या कारणाने न्यायालयाची पायरी चढावी लागते. हे साधन काय करू शकते, कोठे फसते आणि त्याच्यावर किती विसंबावे, हे म्हणूनच आपण सर्वांनी समजून घेणे आवश्यक आहे असे आम्हांस वाटते.

हे यंत्र नेमके काय करते?

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. चॅटजीपीटीसारखे यंत्र कायद्याचे पुस्तक उघडून त्यातून उत्तर वाचून दाखवीत नाही. त्याला अब्जावधी शब्दांचा मजकूर पुरविलेला असतो. त्या मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, कोणत्या प्रश्नाला कशा घडणीचे उत्तर शोभते, याचे अतिसूक्ष्म गणित ते शिकलेले असते. आपण प्रश्न विचारला की त्या गणिताच्या आधारे ते एकेक शब्द पुढे रचीत जाते. निर्माण होणारे वाक्य बहुधा शुद्ध असते, डौलदार असते आणि बहुतेक वेळा बरोबरही असते. परंतु ते बरोबर आहे की नाही, याची खात्री करून घेण्याची व्यवस्था त्या गणितात अंगभूत नसते. काही नव्या प्रणाली उत्तर देण्यापूर्वी निवाड्यांच्या संग्रहात शोध घेतात आणि त्यांच्या चुका कमी होतात; तरी त्या पूर्णपणे थांबत नाहीत.

ग्रंथपाल आणि कथेकरी यांच्यात जो फरक असतो, तो येथे ध्यानात ठेवावा. ग्रंथपालाकडे पुस्तक नसेल तर तो "नाही" म्हणतो. कथेकऱ्याला मधला प्रसंग आठवला नाही, तर तो शोभेल असा प्रसंग रचून कथा पुढे नेतो. हे यंत्र जातीने कथेकरी आहे.

न्यायालयांत हे कोठवर पोहोचले आहे?

वकिलाच्या कामाचा मोठा भाग युक्तिवादाच्या आधी घडतो. शेकडो पानांची कागदपत्रे वाचणे, घटनांचा कालक्रम लावणे, जुने निवाडे शोधणे, भाषांतर करणे आणि मसुदा तयार करणे, ही ती कामे होत. यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. एखाद्या जुन्या दाव्यातील तीनशे पानांचा गोषवारा ते काही मिनिटांत काढून देते. मोठ्या शहरातील धनाढ्य कार्यालयांत दहा कनिष्ठ वकील जे काम करीत, ते तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने वकिली करणाऱ्या तरुणाला आता अंशतः तरी हाताशी आले आहे. हा लाभ लहान नाही.

आपल्या देशातील न्यायसंस्थेनेही या दिशेने पावले टाकली आहेत. निवाड्यांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही प्रणाली नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुरू झाली. तिच्या साहाय्याने इंग्रजी निवाडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले जातात. ६ एप्रिल २०२१ रोजी, मूळचे नागपूरचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या कार्यकाळात, 'सुपेस' ही प्रणाली सुरू झाली. प्रकरणातील माहिती वेचून न्यायाधीशांपुढे ठेवणे एवढेच तिचे काम असून निर्णय देणे हे तिचे काम नाही, हे तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची सुनावणी घटनापीठापुढे चालू असताना सर्वोच्च न्यायालयात प्रथमच तोंडी युक्तिवाद यंत्राच्या साहाय्याने त्याच वेळी लिखित स्वरूपात उमटू लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यांपैकी ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी राखलेले आहेत.

भाषेचा प्रश्न

पहूरच्या एखाद्या शेतकऱ्याचा दिवाणी दावा जामनेरच्या न्यायालयात सुरू होतो, अपिलात जळगावला जातो आणि द्वितीय अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे येतो. खाली साक्ष मराठीत होते, सातबारा आणि फेरफार मराठीत असतात. वर मात्र संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार कामकाज इंग्रजीत चालते. म्हणजे ज्याचे शेत, त्यालाच आपल्या शेताविषयी काय बोलले गेले हे कळत नाही. निवाडा मराठीत मिळू लागला तर ही दरी काही अंशी बुजेल, आणि म्हणून यंत्र-भाषांतराचे आम्ही स्वागत करतो.

तथापि कायद्याच्या भाषेत एक शब्द चुकला तरी अर्थ उलटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांत 'लीव्ह ग्रँटेड' असे शब्द वारंवार येतात. त्यांचा अर्थ अपील दाखल करण्यास अनुमती दिली असा आहे. यंत्राने त्याचे भाषांतर सुटी मंजूर झाल्यासारखे केल्याचे उदाहरण न्यायवर्तुळात नेहमी सांगितले जाते. याच कारणास्तव यंत्राने केलेले भाषांतर माणसाकडून तपासून घेण्याची आणि त्यावर उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींच्या समित्यांनी देखरेख ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आहे.

आपल्याकडील शब्दांचा विचार केला तर धोका अधिक स्पष्ट होतो. 'वतन' या शब्दाचा हिंदी-उर्दूतील रूढ अर्थ मायभूमी असा आहे. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात मात्र वतन म्हणजे गावकामाच्या बदल्यात मिळालेला वंशपरंपरागत हक्क. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली. त्या जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देताना त्यांच्या हस्तांतरणावर बंधने घालण्यात आली. महार वतनाच्या जमिनींचे अनेक तंटे आजही या बंधनांभोवती फिरतात. 'वहिवाट', 'पोटहिस्सा', 'खातेफोड', 'भोगवटादार वर्ग दोन' या शब्दांतही असाच इतिहास साठलेला आहे. त्यात जामनेर-पहूरकडील तावडी किंवा धुळ्याकडील अहिराणी बोलीत दिलेली साक्ष आली, म्हणजे ज्या यंत्राने ती बोली लिखित स्वरूपात फारशी पाहिलेलीच नाही, ते काय समजेल याचा भरवसा देता येत नाही. येथे जाणकार माणूस अपरिहार्य आहे.

तीन प्रकारच्या चुका

पहिली चूक म्हणजे अस्तित्वात नसलेले निवाडे. न्यूयॉर्कमधील 'माटा विरुद्ध एव्हियांका' या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले दाखले न तपासता न्यायालयात सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. २२ जून २०२३ रोजी न्यायाधीश कॅस्टेल यांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. ही गोष्ट परदेशातील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कंपनीच्या आयकर आकारणीचे प्रकरण आले. सुमारे २८ कोटी रुपयांचे उत्पन्न ठरविणाऱ्या त्या आदेशात ज्या तीन निवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडे अस्तित्वातच नसल्याचे आढळले. न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने दिलेल्या माहितीवर आंधळेपणाने विसंबू नये, ती पडताळूनच वापरावी, अशी समजही दिली.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. निवाडा खरा असतो, पण त्याचा प्रभाव संपलेला असतो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे उदाहरण घ्या. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच आलेल्या डॉ. सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात, गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी मंजुरी अशा अटी घातल्या. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून अशी चौकशी व मंजुरी आवश्यक नसल्याचे स्पष्ट केले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने त्या अटी स्वतःच मागे घेतल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कलम १८-अ वैध ठरविले. आता एखाद्या पीडित कुटुंबाने यंत्राला प्रश्न विचारला आणि त्याने २०१८ च्या निवाड्यावर आधारलेले उत्तर दिले, तर दाखला खरा असूनही सल्ला चुकीचा ठरेल. "आधी चौकशी होऊ द्या" असे ऐकून ते कुटुंब पोलीस ठाण्यातून परत फिरेल. चुकीची किंमत कोण मोजतो, हे यावरून कळते.

तिसरी चूक कलमांच्या क्रमांकांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले आहे, आणि नव्या संहितेतील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने काढलेल्या उद्गारांविषयी आहे. पत्नी व मुलांच्या खावटीसाठीचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. यंत्राने ज्या मजकुरावर अभ्यास केला, त्यात अनेक दशकांचे जुने क्रमांक भरलेले आहेत. नवे त्यामानाने अत्यल्प. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनाच दंडविधान लागू होतो. घटना कोणत्या दिवशी घडली, हा पहिला प्रश्न अनुभवी वकील विचारतो; यंत्र तो विचारेलच असे नाही.

रूढी आणि न्याय

या सर्वांहून खोल असा एक प्रश्न आहे. यंत्र भूतकाळातून शिकते. जे पूर्वी वारंवार लिहिले गेले, तेच त्याला स्वाभाविक वाटते. आपल्या समाजाचा भूतकाळाशी असलेला व्यवहार मात्र साधा नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण जाणतो. त्यानंतरचा दावा तितकासा सांगितला जात नाही. डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळविला. अस्पृश्यांनी या तळ्याचे पाणी न घेण्याची रूढी अनादिकाळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा दावा महाड आणि ठाणे येथून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी निकाल दिला. कायद्याला अभिप्रेत असलेली अनादिकालीन रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे होते, आणि ते सर्वांना खुले राहिले.

त्या काळी लिहिला गेलेला सारा मजकूर एखाद्या यंत्राला शिकविला असता, तर त्याने कोणता निष्कर्ष काढला असता? बहुतांच्या आचरणात जे होते, तेच त्याला योग्य वाटले असते. न्यायालयाने मात्र वादींकडे पुरावा मागितला. सवय आणि अधिकार यांत फरक करण्याचे हे काम न्यायबुद्धीचे आहे.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील काय, याचे गुणांकन करणारी 'कॉम्पास' ही संगणकीय प्रणाली काही न्यायालयांत वापरली जाते. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातील एका परगण्याच्या नोंदी तपासल्या. पुढे गुन्हा न केलेल्या आरोपींपैकी कृष्णवर्णीयांना 'अधिक धोकादायक' ठरविले जाण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे तिने दाखविले. प्रणाली बनविणाऱ्या कंपनीने हा निष्कर्ष नाकारला, आणि वाद चालू राहिला. ज्या देशात जात आडनावावरून आणि वस्तीच्या नावावरून कळते, तेथे अशा प्रणालीविषयी आपण अधिक सावध असावयास हवे.

जबाबदारी कोणाची?

वकील चुकला तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार त्याच्याविरुद्ध वकील परिषदेकडे तक्रार करता येते. यंत्राकडे ना सनद आहे ना शपथ. वकिलाला सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने गोपनीय ठरते. यंत्राला टाइप करून सांगितलेल्या गोष्टीला असे संरक्षण कायद्याने स्पष्टपणे दिलेले नाही, आणि ती कोणत्या देशातील संगणकावर साठविली जाईल हेही आपल्या हाती नसते.

न्यायसंस्थेची भूमिकाही याच दिशेची आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर करून, निष्कर्ष काढण्यासाठी वा निकाल देण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यास मनाई केली आणि भाषांतरासारख्या साहाय्यातही तपासणी अनिवार्य ठरविली. अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई यांनी मार्च २०२५ मध्ये केनियातील परिषदेत बोलताना बनावट दाखल्यांच्या धोक्याकडे लक्ष वेधले होते. मानवी भावना आणि नैतिक विवेक नसलेल्या यंत्राला तंट्यातील गुंतागुंत खरोखर समजू शकेल काय, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ते सरन्यायाधीश झाले.

आपण काय करावे?

पालकांना व ग्रामस्थांना आमची विनंती अशी. न्यायालयाची नोटीस आली तर तिच्यातील कठीण शब्द समजून घेण्यासाठी, घटनांची तारीखवार टिपणी करण्यासाठी, वकिलाला विचारावयाच्या प्रश्नांची यादी करण्यासाठी यंत्राचा उपयोग अवश्य करावा. मात्र उत्तर देण्याचा, तडजोडीचा किंवा स्वाक्षरीचा निर्णय त्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. आधार क्रमांक, बँकेची माहिती, अत्याचारपीडितेचे नाव त्यात टाकू नये. मुदतीविषयी तर विशेष दक्षता घ्यावी. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास सामान्यतः ३० दिवसांची मुदत असते, आणि यंत्राशी संवाद करण्यात गेलेले दिवस आपोआप वजा होत नाहीत.

वकील परवडत नाही म्हणून यंत्राचा आधार घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १५१०० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांकही उपलब्ध आहे. फुकट मिळणाऱ्या यंत्रापेक्षा फुकट मिळणारा जबाबदार वकील केव्हाही श्रेयस्कर.

विधी शाखेतील आपल्या तरुणांना आम्ही इतकेच सांगू की, यंत्राने दिलेला प्रत्येक दाखला मूळ ठिकाणी जाऊन वाचावा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३ पासून 'ई-एससीआर' वर विनामूल्य उपलब्ध आहेत; उच्च न्यायालयांच्या संकेतस्थळांवरही ते मिळतात. पक्षकारांची नावे, तारीख, पीठ जुळते काय. ज्या वाक्याचा आधार घेतला ते निवाड्यात खरोखर आहे काय. आणि तो निवाडा पुढे फिरविला गेला आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. केवळ ग्रंथात आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा अधिकारी आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, ही कालामांना तथागतांनी दिलेली शिकवण आपल्या शाळेत लहानपणीच कानी पडते. तिचा याहून रोकडा उपयोग क्वचितच असेल.

मसुदे लिहिण्याची आणि निवाडे शोधण्याची कामे यंत्र करू लागल्याने कनिष्ठ वकिलांची शिकण्याची जुनी वाट अरुंद होईल, ही भीती खरी आहे. ज्यांचे वडील वा काका वकील नाहीत, त्यांच्यासाठी तीच एक वाट होती. म्हणून पहिली काही वर्षे तरी मसुदा स्वतःच्या हाताने लिहावा, मग यंत्राच्या मसुद्याशी ताडून पाहावा. इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांवर प्रभुत्व मिळवावे, महसुली दप्तर वाचावयास शिकावे, आणि आपल्या बोलीतील साक्ष समजून घेणारा वकील म्हणून ओळख निर्माण करावी. हे ज्ञान यंत्राजवळ नाही, आणि गावाला त्याचीच गरज आहे.

साधन कोणतेही असो, न्यायालयात उभे राहून "हे सत्य आहे, याची जबाबदारी माझी" असे म्हणणारा माणूस लागतो. असे माणूस घडविणे हे शाळेचे काम आहे, आणि आपल्या शाळेतून ते घडत राहोत, ही या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची मंगल कामना.